पूर सांगलीत, शाखा बंद जतला

आयटिल (ITIL) म्हणजे संगणक सेवा नीट कशा चालवाव्यात हे सांगणाऱ्या पद्धतींचा संग्रह. त्याचं नाव काढलं की आमच्याकडं बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "ते पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांचं काम. हजारभर इंजिनिअर असतील तिथं ठीक आहे. आपल्या तीन माणसांच्या खोलीत ते कुठं बसवणार?" मी सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात काम करतो आणि माझं मत अगदी उलटं आहे. जिथं हजार माणसं आहेत तिथं एखादा आजारी पडला किंवा नोकरी सोडून गेला, तर त्याचं काम जाणणारं दुसरं कुणीतरी सापडतं. आमच्यासारख्या ठिकाणी सगळी व्यवस्था एका-दोघांच्या डोक्यात असते. राउटरचा पासवर्ड एकाला ठाऊक, विट्याच्या शाखेतली केबल कुठून कशी फिरवलीय ते दुसऱ्याला. तो माणूस रजेवर गेला की ती माहितीही त्याच्याबरोबर रजेवर जाते. त्यामुळं आयटिलमधल्या पद्धतींची खरी गरज लहान जागांनाच जास्त आहे, असं मी गेली बरीच वर्षं सांगत आलोय. आज ते जरा सविस्तर लिहितो.

मुळात आयटिल कुठल्या बड्या कंपनीत जन्मलेलं नाही. ते सरकारी कचेरीत जन्मलं. १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या प्रत्येक खात्यात संगणक येत होते, आणि जो तो आपापल्या पद्धतीनं ते चालवत होता. एका खात्यानं पैसे मोजून जे शिकून घेतलं, तेच शेजारचं खातं पुन्हा पैसे मोजून शिकत होतं. तेव्हा सेंट्रल कॉम्प्युटर अँड टेलिकम्युनिकेशन्स एजन्सी नावाच्या सरकारी संस्थेनं ठरवलं, की ज्या ठिकाणी काम चांगलं चालतं तिथले लोक नेमकं काय करतात हे गोळा करून लिहून ठेवायचं. १९८९ पासून ती पुस्तकं यायला लागली आणि बघता बघता ३० च्या वर गेली. म्हणून नाव इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इन्फ्रास्ट्रक्चर लायब्ररी. पुढं २००० च्या आसपास ती आटोपशीर झाली, २००७ मध्ये पाच पुस्तकांत बसली आणि २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत ३४ कार्यपद्धती आणि ७ मार्गदर्शक तत्त्वं अशी तिची मांडणी झाली. मालकीही सरकारकडून आधी २०१३ मध्ये ॲक्सेलॉस या भागीदारीतल्या कंपनीकडं आणि २०२१ मध्ये परीक्षा घेणाऱ्या पीपलसर्ट या कंपनीकडं गेली. इतकी स्थित्यंतरं झाली, तरी आतला गाभा तोच राहिला: चांगलं काम करणाऱ्यांनी आपलं काम लिहून ठेवलं, आणि इतरांनी त्यातलं आपल्याला लागेल तेवढं घ्यावं.

हे "लागेल तेवढं घ्यावं" फार महत्त्वाचं आहे, कारण बरेच जण इथंच गोंधळतात. आयटिलची परीक्षा माणूस देतो, प्रमाणपत्र माणसाला मिळतं. संस्थेला प्रमाणपत्र हवं असेल तर त्यासाठी आयएसओ २०००० हे वेगळं मानक आहे. ते २००० सालच्या बीएस १५००० या ब्रिटिश मानकातून निघालं आणि २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय झालं. मानकात "हे केलंच पाहिजे" अशी भाषा असते. आयटिलमध्ये तशी सक्ती नाही. तिसरं नाव कोबिटचं. ते १९९६ मध्ये आयसाका या ऑडिटरांच्या संघटनेनं आणलं, आणि त्याची नजर कारभारावर असते: निर्णय कुणी घ्यायचा, देखरेख कुणी ठेवायची, संचालक मंडळाला काय कळलं पाहिजे. बँकेतल्या माणसाला या तिन्हींची तोंडओळख तरी हवीच. पण रोज सकाळी दहा वाजता शाखा उघडल्यावर जे हाताशी लागतं ते आयटिलमधलं असतं, म्हणून मी त्याच्याबद्दलच लिहितोय.

सगळ्यात आधी त्यानं मला सेवा कशाला म्हणायचं ते शिकवलं. तासगाव शाखेत एक मावशी पासबुक भरायला आल्या होत्या. बेदाण्याचे पैसे जमा झाले का ते त्यांना बघायचं होतं. पासबुकाचा प्रिंटर कागद ओढत नव्हता. मी त्या दिवशी तिथंच होतो आणि काउंटरवरचा मुलगा त्यांना समजावत होता, की सिस्टीम चालू आहे, फक्त प्रिंटर बंद आहे. मावशी म्हणाल्या, "मशिन चालू हाय म्हनतोस, मग माझं पुस्तक का भरंना?" सर्व्हर चालू होता, लिंक (शाखेला सर्व्हरशी जोडणारी लाइन) चालू होती, सॉफ्टवेअर चालू होतं. आमच्या हिशेबानं सगळं हिरवं. मावशींच्या हिशेबानं बँक बंद होती, आणि त्यांचाच हिशेब बरोबर होता. ग्राहकाला हवा तो परिणाम मिळवून द्यायचा आणि त्यामागची कटकट, खर्च, धोका त्याच्या डोक्यावर टाकायचा नाही, असा सेवेचा अर्थ आयटिल सांगतं. आमच्या विभागात पूर्वी यादी असायची ती सर्व्हर, स्विच, राउटर, यूपीएस अशी. तिच्या जागी आम्ही नवी यादी केली: पासबुक भरून मिळणं, ऊसबिल खात्यावर पडणं, चेक वटणं, एटीएममधून नोटा निघणं, आरटीजीएस वेळेत जाणं, सोनेतारणाची पावती हातात पडणं. प्रत्येकासमोर ते कशाकशावर अवलंबून आहे ते लिहिलं. पासबुकाच्या ओळीत प्रिंटरची रिबनसुद्धा आली, आणि तेव्हापासून जादा रिबन शाखेच्या कपाटात असते.

दुसरी गोष्ट इन्सिडंट आणि प्रॉब्लेम यांतल्या फरकाची. माझ्या मते सगळ्या आयटिलमध्ये एवढं एकच शिकून कुणी थांबलं, तरी त्याचं निम्मं काम सुधारेल. सेवा अचानक बंद पडली किंवा मंदावली की तो इन्सिडंट. तिथं एकच काम: सेवा लवकरात लवकर पुन्हा सुरू करणं. राउटर बंद करून चालू केल्यावर चालत असेल तर तसं करावं, काउंटरवरच्या लोकांना मोकळं करावं. असे इन्सिडंट ज्या कारणानं होतात किंवा होऊ शकतात, तो प्रॉब्लेम. ते कारण शोधायचं काम निवांत, वेगळ्या वेळी, वेगळ्या डोक्यानं करायचं. रांग ताटकळत उभी असताना कारण शोधत बसलं तर रांगही वाढते आणि कारणही धड सापडत नाही. आणि राउटर चालू झाला की काम संपलं असं समजलं तर तोच फोन महिनोन्‌महिने येत राहतो.

आमच्याकडं यासाठी आधी साधं लांब रजिस्टर होतं. तारीख, वेळ, शाखा, काय बंद पडलं, कुणी कळवलं, काय केलं, कधी सुरू झालं, एवढे रकाने. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका लहान शाखेचा फोन वरचेवर यायचा. "साहेब, लिंक गेली बघा परत." आम्ही राउटर बंद-चालू करायला सांगायचो, लिंक यायची, रजिस्टरात ओळ पडायची. एका संध्याकाळी त्या शाखेच्या सगळ्या ओळी मी एकाखाली एक वेगळ्या कागदावर उतरवल्या. जवळजवळ सगळ्या एकाच वारी होत्या आणि वेळ सकाळी दहा ते बाराच्या मधली. तो त्या गावच्या आठवडी बाजाराचा वार. पहिला तर्क असा निघाला, की बाजारादिवशी गर्दी असते, लिंकवर ताण येत असेल. लाइन पुरवणाऱ्यांकडून तपासून घेतली, तर लाइन स्वच्छ. मग बाजाराच्या दिवशी मी स्वतःच जाऊन शाखेत बसलो.

जिन्याखाली लाकडी फळीवर फायबरचा मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरची तार राउटरला जोडून देणारा डबा, ठेवलेला होता. काड्यापेटीच्या पुड्याएवढा, पुढं हिरवे दिवे. त्याचा अडॅप्टर यूपीएसच्या बोर्डात नव्हता, भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये होता. यूपीएसच्या बोर्डात मोबाईलचा चार्जर आणि टेबलफॅन. भिंतीपलीकडं पिठाची गिरणी. बाजाराला येणारी माणसं येताना दळण घेऊन येतात, त्यामुळं त्या दिवशी गिरणी सकाळपासून सुरू. साडेदहाच्या सुमाराला गिरणीची मोटर सुरू झाली, शाखेतला बल्ब किंचित मंद झाला, कन्व्हर्टरचे दिवे विझले आणि लगेच परत लागले. डबा जिवंत झाला, पण राउटरनं तुटलेलं कनेक्शन पुन्हा जोडलं नाही. आतून रोखपाल ताई म्हणाल्या, "गेली बघा." मी चार्जर काढला, अडॅप्टर यूपीएसच्या बोर्डात लावला आणि त्यावर चिकटपट्टीनं "हा काढू नये" असं लिहून लावलं. त्या शाखेतून त्या कारणासाठी पुन्हा फोन आला नाही. मग बाकीच्या शाखांत एकच निरोप गेला: कन्व्हर्टर कुठल्या बोर्डात आहे त्याचा फोटो पाठवा. आणखी काही ठिकाणी तोच प्रकार निघाला. शेजारी कुठं वेल्डिंगचं दुकान, कुठं रसवंती.

हे कारण सापडलं ते रजिस्टरमुळं. फोन घेणारं माणूस बदलत होतं, कधी मी, कधी सहकारी. प्रत्येकाला आपापला एखाद-दुसरा फोन आठवत होता. बाजाराचा वार कुणालाच दिसत नव्हता, कारण तो कुणा एकाच्या आठवणीत नव्हताच. तो ओळी एकत्र केल्यावर दिसला. लिहून ठेवण्याला आळस आणि संशय, दोन्ही आडवे येतात. "लिहिलं की चूक कुणाची ते निघेल" अशी भीती लोकांना वाटते. त्यामुळं आमच्या रजिस्टरात "कुणामुळं" हा रकानाच नाही, आणि तो येऊ नये यासाठी मी आग्रही आहे. वेळेची नोंद तर आता कायद्याच्या दृष्टीनंही लागते. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे संगणकानं आपोआप ठेवलेल्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. घटना कधी लक्षात आली हेच कुठं लिहिलेलं नसेल, तर सहा तास मोजणार कुठून?

कुठलं काम आधी करायचं याचंही उत्तर आयटिलकडं आहे. परिणाम किती जणांवर आणि निकड किती, या दोन गोष्टींवरून प्राधान्य ठरवायचं. सहकारी संस्थेत हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड, कारण वरच्या माणसाचा फोन आला की सगळे तिकडं धावतात. आम्ही एक छोटा तक्ता करून भिंतीवर लावला आणि त्यात शाखेचं काउंटर सगळ्यात वर ठेवलं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत कारखान्यानं एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे द्यायचे असतात. ते जमा होतात त्या दिवशी ग्रामीण शाखेत पाय ठेवायला जागा नसते. कुणाला सोसायटीचं कर्ज भरायचं असतं, कुणाला खताच्या दुकानाची उधारी. अशा एका दिवशी अध्यक्षांच्या केबिनमधला प्रिंटर आणि एका शाखेचं काउंटर एकदमच बंद पडलं. मी तक्त्याकडं बोट करून अध्यक्षांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आधी शाखा बघा, माझं पत्र उद्या गेलं तरी चालेल." तक्ता नसता तरी ते बहुधा हेच म्हणाले असते. पण त्यांना विचारायचं धाडस माझ्यात तक्त्यामुळं आलं.

बदल करण्याबाबत मी जास्त कडक आहे. जून २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या आरबीएस (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड) समूहाच्या बँकांत रात्रीची कामं ओळीनं लावणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली गेली. अडचण दिसली म्हणून ती काढून जुनी आवृत्ती परत आणायचं ठरलं, पण तसं केल्यावर काय होईल हे आधी तपासलेलं नव्हतं. जुनं आणि नवं एकमेकांशी जुळेना. किमान ६५ लाख ग्राहकांना त्याची झळ बसली. लोकांना खात्यातली शिल्लक धड कळेना, पैसे वेळेत पोचेनात. २०१४ मध्ये तिथल्या दोन नियामकांनी मिळून ५६० लाख पौंडांचा दंड केला. एवढी मोठी बँक, एवढे पैसे, एवढी माणसं, आणि अडलं ते मागं फिरायच्या वाटेवर.

हे मी आमच्या विभागात नव्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. काहीही बदलायच्या आधी अर्धं पान लिहायचं: काय बदलणार, कशासाठी, काय बिघडू शकतं, बिघडलं तर मागं कसं यायचं आणि ते मागं येणं करून बघितलंय का. रोजचे, अनेकदा केलेले, धोका नसलेले बदल एकदा मंजूर करून ठेवायचे, दरवेळी विचारायला नको. मोठे बदल बैठकीत. आग लागल्यासारखी वेळ असेल तर तातडीचा बदल, पण त्याचीही नोंद मागून का होईना पडलीच पाहिजे. आणि मार्च एंडला काहीही बदलायचं नाही. हा नियम आमच्या बँकेत आयटिलच्या आधीपासून होता. जुन्या मॅनेजर मंडळींनी तो स्वतःच्या अनुभवातून काढला होता, आणि आयटिलच्या पद्धतीत बदलांचं वेळापत्रक म्हणून तीच गोष्ट मला सापडली. "जिथं आहात तिथून सुरुवात करा" हे चौथ्या आवृत्तीतलं तत्त्व मला यासाठीच आवडतं. आपल्याकडचं जे चांगलं चाललंय ते मोडून पुस्तकातलं आणायचं नसतं.

आता पुराबद्दल. सांगलीत पावसाळ्यात माणसं भेटली की आधी आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारतात. १९२९ मधला हा पूल, त्याच्याजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा तिथं ५७ फुटांच्या पुढं गेली. २००५ चा पूर ज्यांनी बघितला होता त्यांनी त्यावेळच्या खुणेच्या हिशेबानं सामान वर उचलून ठेवलं होतं, आणि पाणी ती खूणही ओलांडून गेलं. शहराचा मोठा भाग पाण्याखाली, वीज नाही, होड्यांतून माणसं बाहेर काढली जात होती. आमचं मुख्य कार्यालयही पाण्यात. कोअर बँकिंगचा, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकत्र सांभाळणारा सर्व्हर पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये असल्यानं ग्राहकांची माहिती सुरक्षित होती, आणि त्या समाधानात आम्ही होतो. त्याच दिवशी जतच्या शाखेतून फोन आला, की लिंक नाही, काम बंद आहे.

जत म्हणजे जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, दुष्काळी पट्टा. सांगलीत पहिला मजला बुडत होता तेव्हा तिकडं गावांना टँकरनं पाणी जात होतं. त्या शाखेच्या दारात चिखलसुद्धा नव्हता. शाखा बंद पडली कारण तिची लिंक सांगलीच्या मुख्य कार्यालयातून फिरून पुण्याला जात होती, आणि मुख्य कार्यालयातली वीज पाण्यापायी तोडलेली होती. वर्षानुवर्षं हे असंच जोडलेलं होतं. लाइन टाकताना ते स्वस्त पडलं असणार, आणि नंतर कुणी तो रस्ता कागदावर काढून बघितलाच नव्हता. पूर्वेकडच्या बहुतेक शाखांची तीच गत. तिथले खातेदार पूरग्रस्त नव्हते, पण पूर त्यांच्यापर्यंत आमच्या तारेतून पोचला. कुणाचं आजारी माणूस मिरजेच्या दवाखान्यात होतं आणि पैसे काढायचे होते, कुणाला चारा घ्यायचा होता.

पाणी ओसरल्यावर साफसफाईत बरेच दिवस गेले. गाळ, भिजलेल्या फाइली, बॅटऱ्या सगळं बाहेर काढून झालं आणि मग आम्ही तीन जण एका मोठ्या कागदापुढं बसलो. कुठली सेवा कुठल्या शाखेत, कुठल्या डब्यातून, कुठल्या तारेनं, कुणाच्या विजेवर चालते ते सगळं काढलं. आयटिलमध्ये याला कॉन्फिगरेशनची नोंद म्हणतात आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर घेतात. आमच्याकडं कार्डशीट होतं आणि दोन रंगांची स्केचपेनं. पण तो कागद भरल्यावर जे दिसलं ते बघून आम्ही बराच वेळ बोललो नाही. जवळजवळ प्रत्येक रेघ एका तळमजल्यावरच्या खोलीतून जात होती.

तो कागद घेऊन आम्ही संचालक मंडळापुढं गेलो. पूर्वेकडच्या शाखांना मुख्य कार्यालय टाळून थेट डेटा सेंटरकडं जाणारी लाइन मिळाली. मुख्य कार्यालयातला उपकरणांचा रॅक वरच्या मजल्यावर गेला. आणि आयर्विनच्या पातळीवर बेतलेली एक यादी तयार झाली. पातळी ३० फुटांवर आली की जनरेटरचं डिझेल आणि बॅटऱ्या तपासायच्या. ३५ ला तळमजल्यावरच्या शाखांतले संगणक टेबलावरून माडीवर, चेकचे स्कॅनर विश्रामबागेच्या बाजूला. ४० ला कुणी कुठल्या शाखेत बसायचं, रोख कुठून न्यायची, कुणाचा फोन कुणी घ्यायचा ते सुरू. कोयनेतून किती सोडलं, पाऊस कसा आहे, आलमट्टीचं काय, या चर्चा चालू राहतातच. पण त्या चर्चेच्या निकालाची वाट कुणी बघत बसायचं नाही, आकडा आला की काम सुरू. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा मुख्य कार्यालय बंद ठेवावं लागलं, पण जतची शाखा सकाळी दहाला उघडली आणि पाचपर्यंत चालली. त्या दिवशी तिथल्या मॅनेजरांनी मला मुद्दाम फोन केला. "आज काही बंद नाही, एवढंच सांगायला केलाय." माझ्या नोकरीत एवढं समाधान देणारे फोन फार थोडे आले असतील.

या सगळ्यात मला न पटणारंही आहे. आयटिलची पहिली परीक्षा म्हणजे ४० प्रश्न, ६० मिनिटं आणि २६ बरोबर आले की पास. इथली इंजिनिअरिंगची मुलं ती देतात, नोकरीला उपयोगही होतो, देऊ नका असं मी म्हणणार नाही. पण व्याख्या पाठ करून आलेल्या मुलाला रजिस्टरातल्या वीस ओळी दिल्या आणि यात काय दिसतं असं विचारलं, की तो गडबडतो. शिकवणाऱ्यांनी त्या ओळींपासून सुरुवात करायला हवी. टक्केवारीचंही तसंच. सेवा ९९.९ टक्के चालू राहील असा करार करतात. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ४३ मिनिटं बंद चालेल. ती ४३ मिनिटं मध्यरात्री गेली तर कुणाला पत्ताही लागत नाही. ऊसबिलाच्या दिवशी सकाळी अकराला गेली तर गावभर बोभाटा होतो. कागदावर दोन्ही महिने सारखेच उत्तम. अशा अहवालाला या क्षेत्रातले लोक कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवा आणि आतून लाल. म्हणून आम्ही टक्क्यांच्या शेजारी काउंटरवर किती वेळ रांग थांबली तेही लिहितो.

आणि बॅकअप. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री प्रोग्रामरांचा कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीतल्या एका इंजिनिअरनं दिवसभराच्या थकव्यात भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. कंपनीकडं बॅकअप घेण्याच्या अनेक पद्धती होत्या, आणि त्या रात्री लक्षात आलं की त्यांतली एकही धड चालत नव्हती. कुणीतरी काही तास आधी दुसऱ्याच कामासाठी काढून ठेवलेली प्रत होती म्हणून बरंच वाचलं, तरी सुमारे ६ तासांची माहिती गेलीच. त्या कंपनीनं पुढं जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी सगळा प्रकार लपवला नाही, काम चालू असतानाच जगासमोर मांडला, आणि दोष त्या इंजिनिअरवर न टाकता पद्धतीत कुठं भोक होतं ते लिहिलं. आमच्याकडं दर महिन्याला एक दिवस बॅकअप वेगळ्या मशीनवर परत चढवून बघतात. एखादं खातं उघडून त्यातली शेवटची नोंद जुळते का ते पडताळतात आणि दोघं सही करतात. घेतलेला बॅकअप परत चढतो का, हे चढवूनच कळतं.

रजिस्टर आता कागदावर नाही. जीएलपीआय नावाचं फुकट मिळणारं मुक्त सॉफ्टवेअर आम्ही बसवलंय. रकाने मात्र तेच ठेवलेत, आणि "कुणामुळं" तिथंही नाही. ज्या पतसंस्थांमध्ये एकच संगणकवाला आहे तिथले लोक कधी कधी विचारायला येतात, सुरुवात कुठून करू? मी त्यांना सॉफ्टवेअर सांगत नाही. आधी वही घाला, महिनाभर प्रत्येक फोन लिहा, मग ती घेऊन या, आपण बरोबर वाचू. मिरजेच्या एका पतसंस्थेतली ताई अशी वही घेऊन आली होती. तिच्या वहीत एकाच मशीनचं नाव पानोपानी होतं. तिच्या व्यवस्थापकांनी ती पानं बघितली आणि त्याच आठवड्यात नवीन मशीन मंजूर केलं. त्याआधी वर्षभर ती तोंडी मागत होती.

आमच्याकडचं एक काम मात्र अजून राहिलंय. बऱ्याच शाखांचे राउटर बाहेरच्या पुरवठादारानं बसवलेत आणि त्यांची सेटिंग त्याच्याकडंच आहे. मागितली की उद्या देतो, परवा देतो. तो माणूस वाईट नाही, पण उद्या त्यानं धंदा बदलला तर आमच्या शाखा त्याच्या लॅपटॉपवर अवलंबून राहतील. पुढच्या बैठकीत मी मंडळापुढं ठराव ठेवतोय: यापुढं कुठलाही पुरवठादार असो, बसवलेल्या प्रत्येक उपकरणाची सेटिंग, पासवर्ड आणि जोडणीचा नकाशा बँकेच्या ताब्यात आल्याशिवाय शेवटचं बिल काढायचं नाही. पासवर्ड बंद पाकिटात, दोन सह्यांनी, तिजोरीत. मसुदा लिहून झालाय, ऑडिटरांनी वाचून एक ओळ सुधारली आहे. मंजूर झाला तर पहिला नकाशा जतचा मागवणार आहे.